शके ९७६ मधील आगंतुक तारा : एका नोंदीची साधनचिकित्सा

१. विषयप्रवेश

ऐतिहासिक कालनिर्णयांत ग्रहणांचा किती उपयोग होतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. ताम्रपटांतील किंवा शकावलींतील तिथिवारांविषयीं संशय आला म्हणजे त्या दिवशीं ग्रहण होतें कीं नाहीं हें गणितानें काढतां येतें. आणि लेखकाच्या हातून चूक झाली असली तरी आकाश चुकत नाहीं, या भरंवशावर आपण निर्णय देतों. परंतु आकाशांतील सर्वच घटना अशा मागें मोजीत नेतां येत नाहींत. पूर्वीं जेथें कांहीं दिसत नव्हतें तेथें एखादा तारा एकाएकीं प्रकट व्हावा, कांहीं महिने झळकावा आणि मग दिसेनासा व्हावा, ही गोष्ट कोणत्याही करणग्रंथांतून निघत नाहीं. ज्यानें ती पाहिली त्यानें ती लिहून ठेविली, तरच तिचा दिवस आपणांस कळतो; एरवीं तो दिवस कायमचा गेला. ग्रहणाच्या बाबतींत आकाश हें कागदाची साक्ष देतें. नवताऱ्याच्या बाबतींत कागद हाच आकाशाची साक्ष देतो.

अशा कागदांपैकीं सर्वांत प्रसिद्ध कागद इसवी सन १०५४, म्हणजे शके ९७६ जयनाम संवत्सर, या वर्षाचा आहे. त्या वर्षीं वृषभ राशींत प्रकट झालेल्या ताऱ्याच्या चिनी, जपानी व अरबी नोंदी उपलब्ध आहेत. त्या एकमेकींशीं सर्वस्वीं जुळत नाहींत. त्यांत प्रत कारणाऱ्याच्या चुका आहेत, दरबारी स्तुति आहे, शकुनापशकुन आहेत. तरीसुद्धां या दोषयुक्त साधनांवरूनच विसाव्या शतकांतील ज्योतिषशास्त्रानें एक मोठा सिद्धांत उभा केला. तो कसा उभा राहिला व त्यांत साधनचिकित्सेचा वांटा किती, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आपल्या देशांतील कागद या ताऱ्याविषयीं मुके कां, या प्रश्नाचाही शेवटीं विचार केला आहे.

२. चिनी साधनें

त्या काळीं चीनमध्यें सुंग घराण्याचें राज्य असून राजधानी काइफंग येथें होती. तेथील दरबारांत वेधशाळेचें खातें असे. रात्रीं आकाश पाहून जें जें नवें दिसेल तें बादशहास कळविणें हें या खात्याचें नेमून दिलेलें काम होतें. याचें कारण ज्ञानाची जिज्ञासा नव्हे. बादशहा हा ईश्वरी आज्ञेनें राज्य करतो, आणि त्याच्या कारभारांत उणें पडलें कीं आकाशांत चिन्हें उमटतात, अशी समजूत होती. म्हणून आकाशाची टेहळणी हा राजकारणाचाच भाग होता. नव्यानें प्रकट होणाऱ्या ताऱ्यास तेथें ‘पाहुणा तारा’ असें म्हणत.

मुख्य साधनें दोन. पहिलें ‘सुंग हुइयाव’, म्हणजे सुंग राजवटींतील दफ्तरी कागदांचा संग्रह. मूळ ग्रंथ नष्ट झाला; एका विश्वकोशांत उतरून घेतलेले त्याचे भाग एकोणिसाव्या शतकांत जमविण्यांत आले आणि १९३६ मध्यें ते छापून प्रसिद्ध झाले. दुसरें साधन ‘सुंग श’, म्हणजे त्या घराण्याचा अधिकृत इतिहास. हा १३४५ मध्यें, घराणें लयास गेल्यानंतर, मंगोल राजवटींत पुरा झाला. म्हणजे पहिलें साधन तुटक पण मुळाजवळचें, व दुसरें सलग पण घटनेनंतर जवळजवळ तीनशें वर्षांचें आहे.

या साधनांवरून निघणारी हकीकत अशी : च्यह राजवर्षाच्या पहिल्या सालीं, पांचव्या महिन्यांत, ‘चीछौ’ या दिवशीं, म्हणजे ४ जुलै १०५४ रोजीं, पहाटे पूर्वेस पाहुणा तारा दिसला. आपल्या गणनेनें हा आषाढाचा वद्यपक्ष होय. ‘थियेनक्वान’ नांवाच्या ताऱ्याजवळ तो होता. हा तारा म्हणजे वृषभाच्या दक्षिण शिंगाच्या टोकाचा तारा, असें आज मानतात. नवा तारा शुक्राप्रमाणें दिवसां दिसे. त्याचे किरण चहूंकडे फांकलेले होते. वर्ण तांबूस पांढरा होता. आणि भर दिवसां तो एकंदर २३ दिवस दिसला. पुढें च्यायौ राजवर्षाच्या पहिल्या सालीं, तिसऱ्या महिन्यांत, म्हणजे ६ एप्रिल १०५६ रोजीं, तारा नाहींसा झाल्याचें खात्याच्या मुख्याधिकाऱ्यानें कळविलें. अर्थात् रात्रीच्या आकाशांत तो सुमारे २१ महिने नुसत्या डोळ्यांस दिसत होता.

यांत २७ ऑगस्ट १०५४ चा एक अर्ज आहे, तो विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. यांग वेइद नांवाचा ज्योतिषी बादशहास नम्रतापूर्वक कळवितो कीं, पाहुणा तारा आपण पाहिला, त्यावर किंचित् पिवळी झांक आहे, आणि ग्रंथाधारें याचें फल असें कीं, राज्यांत मोठा गुणी पुरुष आहे. ही गोष्ट इतिहासलेखन-खात्याकडे नोंदीसाठीं पाठवावी, अशी त्याची विनंति आहे. पिवळा हा त्या घराण्याचा राजवर्ण. दुसऱ्या ठिकाणीं ताऱ्याचा वर्ण तांबूस पांढरा सांगितला असतां येथें पिवळी झांक कोठून आली, हें उघड आहे. अशा अर्जावरून ताऱ्याचा खरा रंग ठरवूं पाहणें भ्रमाचें होईल. परंतु रंगांत खुशामत शिरली म्हणून दिवसही खोटा, असें अनुमान काढणें तितकेंच चुकीचें होय. खुशामत करणाऱ्यास दिनांक बदलण्याचें कारण नव्हतें. शिवाय तारा सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. साधनांतील कोणत्या अंशास लेखकाचा हेतु शिवला आहे व कोणत्या अंशास शिवलेला नाहीं, हें निवडणें हेंच संशोधकाचें काम आहे.

३. दिशेचा घोटाळा

आतां अडचणीच्या मुद्द्याकडे वळूं. ‘सुंग श’ म्हणतो कीं, तारा थियेनक्वानच्या ‘आग्नेयेस कांहीं इंचांवर’ होता. ज्या तेजोमेघास आज त्या ताऱ्याचा अवशेष मानतात, तो मात्र वृषभाच्या शिंगाच्या ताऱ्यापासून सुमारे एक अंश अंतरावर वायव्येस आहे. म्हणजे ग्रंथ एक दिशा सांगतो आणि आकाशांत नेमकी उलट दिशा दिसते.

या विरोधाचा परिहार निरनिराळ्या तऱ्हांनीं करण्यांत आला आहे. १९७२ मध्यें हो पेंग योक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या विसंगतीवर बोट ठेवून एकंदर ओळखच पुन्हां तपासून पाहावी, असें सुचविलें. इतरांचें म्हणणें असें कीं, मूळ नोंदींत ‘थियेनक्वान हा पाहुण्याच्या आग्नेयेस’ असें असावें व प्रत करतांना कर्ता आणि संदर्भ यांची अदलाबदल झाली असावी. प्रस्तुत लेखकास हा दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो. याचीं कारणें दोन. एक असें कीं, मुळाजवळच्या ‘सुंग हुइयाव’ मध्यें दिशा दिलेलीच नाहीं. तारा थियेनक्वानवर ‘पहारा करीत होता’ एवढेंच तेथें आहे. दुसरें असें कीं, थियेनक्वानच्या आग्नेयेस योग्य वयाचा असा दुसरा अवशेष सांपडलेला नाहीं. तथापि हें अनुमान आहे, प्रत्यक्ष पाठ नव्हे, हें विसरतां कामा नये.

४. जपानी व अरबी साक्ष

जपानांतील नोंद ‘मेइगेत्सुकी’ या रोजनिशींत आहे. हिचा लेखक कवि फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१). तारा दिसला तेव्हां तो जन्मलाही नव्हता. १२३० मध्यें आकाशांत एक नवी वस्तु दिसली, त्या प्रसंगीं पूर्वीं असे पाहुणे केव्हां केव्हां आले होते याची त्यानें जाणत्या ज्योतिष्यांकडे विचारपूस केली आणि मिळालेली यादी रोजनिशींत उतरून ठेविली. शके ९२८, ९७६ व ११०३ (इ. स. १००६, १०५४ व ११८१) या वर्षांचे तिन्ही मोठे नवतारे या यादींत आहेत. एका कवीच्या कुतूहलानें केवढें काम केलें, हें यावरून कळून येईल.

परंतु या नोंदींतही दोष आहे. तेइका तारा दिसल्याचा काळ चौथ्या महिन्याचा मधला दशक, असा देतो. हा काळ मे महिन्याच्या अखेरीचा पडतो; आणि त्याच सुमारास सूर्य आकाशाच्या नेमक्या त्या भागांत होता. सूर्याच्या इतक्या जवळचा तारा ‘रात्रीच्या चौथ्या प्रहरीं पूर्वेस’ दिसणें अशक्य. म्हणून येथें पांचव्या महिन्याऐवजीं चुकून चौथा लिहिला गेला, असें बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या रोजनिशीनें ताऱ्याची आठवण राखली, तिचा महिना आकाशाच्या गणितानें दुरुस्त करावा लागतो. कागद व आकाश यांचा परस्परांस आधार कसा होतो, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

अरबी साक्ष बगदादचा ख्रिस्ती वैद्य इब्न बुटलान याची. ती तेराव्या शतकांतील इब्न अबी उसैबिया या चरित्रकारानें वैद्यांच्या चरित्रांचा संग्रह करतांना जतन केली. हिजरी ४४६ या वर्षीं मिथुन राशींत तारा उगवला आणि त्याच वर्षीं कॉन्स्टँटिनोपल येथें मोठी साथ पसरली, असें तो वैद्य सांगतो. हें हिजरी वर्ष एप्रिल १०५४ पासून एप्रिल १०५५ च्या आरंभापर्यंत येतें. तारा वृषभाच्या शिंगाशीं असतां वैद्य मिथुन कां म्हणतो, अशी शंका येईल. परंतु सायन गणनेनें त्या काळीं हें स्थान मिथुनाच्या विभागांतच पडत होतें. तेव्हां राशीचा विरोध उरत नाहीं. ही नोंद १९७८ मध्यें विद्वानांच्या विशेष नजरेस आली. साथीचा व ताऱ्याचा कार्यकारणसंबंध आपण मानणार नाहीं. पण वैद्यानें साथीचें कारण शोधतांना तारा टिपला, म्हणूनच तो आपणांपर्यंत पोंचला.

युरोपांतील कांहीं मठांच्या बखरींत आणि अमेरिकेंतील मूळ रहिवाशांच्या शिलाचित्रांत या ताऱ्याचा उल्लेख असल्याचें प्रतिपादन अनेकांनीं केलें आहे. त्यांतील एकही पुरावा दिवस आणि स्थान या दोन्ही कसोट्यांस उतरत नाहीं. म्हणून येथें त्यांचा विस्तार करीत नाहीं.

५. कागदाची व आकाशाची गांठ

वृषभाच्या शिंगाजवळ धुरकट ठिपका आहे, हें इंग्लंडांतील जॉन बेविस यानें १७३१ मध्यें प्रथम पाहिलें. १७५८ मध्यें धूमकेतूचा मागोवा घेत असतां फ्रान्सचा मेसिए यास तो पुन्हां दिसला. धूमकेतु समजून कोणी फसूं नये म्हणून त्यानें अशा ठिपक्यांची यादी केली व तिच्यांत यास पहिला क्रमांक दिला. पुढें आयर्लंडचा लॉर्ड रॉस यानें काढलेल्या आकृतीवरून यास ‘खेकडा’ हें नांव पडलें. या सर्व काळांत चिनी ग्रंथांचा व या ठिपक्याचा कांहीं संबंध आहे, अशी कोणास शंकाही आली नाहीं. चिनी ग्रंथांतील पाहुण्या ताऱ्यांची यादी फ्रेंच पंडित एदुआर बियो यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यांत भाषांतरित केली होती. पण ती ग्रंथालयांत पडून होती.

१९२१ हें वर्ष या बाबतींत महत्त्वाचें. त्या वर्षीं जुन्या व नव्या छायाचित्रांची तुलना करून डंकन यानें तेजोमेघ सर्व बाजूंनीं पसरत आहे असें दाखविलें. आणि त्याच वर्षीं स्वीडनच्या लुंडमार्क यानें प्राचीन नवताऱ्यांची यादी प्रसिद्ध करतांना १०५४ चा तारा या तेजोमेघाजवळ पडतो, अशी टीप दिली. १९२८ मध्यें हबल यानें या दोन धाग्यांची गांठ मारली. प्रसरणाच्या वेगावरून मागें मोजीत गेल्यास आरंभ सुमारे नऊशें वर्षांपूर्वीं पडतो, सबब चिनी लोकांनीं पाहिलेला तारा तो हाच, असें त्यानें सुचविलें. १९३४ मध्यें बाडे व झ्विकी यांनीं साध्या नवताऱ्यांहून अतिशय प्रखर अशा ताऱ्यांचा वेगळा वर्ग मानून, प्रचंड ताऱ्याचा अंतर्भाग कोसळून असा स्फोट होतो व मागें अत्यंत घन असा गोळा राहतो, असें अनुमान मांडलें. या वर्गास अतिनवतारे म्हणतात. १९४२ मध्यें, महायुद्धाच्या धामधुमींत, लायडन येथील चिनी भाषेचे पंडित ड्यूवेंडाक यांनीं मूळ पाठांचीं भाषांतरें दिलीं आणि मेयॉल व ऊर्ट या ज्योतिर्विदांनीं त्यांवरून १०५४ चा तारा अतिनवताराच होता, असें सिद्ध केलें. भाषापंडितावांचून ज्योतिषी पांगळा होता आणि ज्योतिष्यावांचून भाषापंडित अंधळा होता.

याहून बोधप्रद भाग पुढेंच आहे. मापनें सूक्ष्म होत गेलीं तशी एक विसंगति दिसूं लागली. १९३९ मध्यें डंकनच्या सुधारलेल्या मापनावरून तेजोमेघाचें वय ७६६ वर्षें निघालें. १९६८ मध्यें व्हर्जिनिया ट्रिंबल यांच्या मापनावरून स्फोटाचें वर्ष ११४० च्या सुमारास आलें. कागद १०५४ म्हणतो आणि गणित सुमारें ८६ वर्षें पुढचा काळ सांगतें! कागद चिनी, जुना व प्रतींतून आलेला. म्हणून तो सोडून द्यावा कीं काय? ज्योतिर्विदांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं उलट विचार केला : दिनांक खरा धरल्यास, प्रसरणाचा वेग आरंभापासून सारखा नसून वाढत गेला असला पाहिजे, म्हणजे आंतून कोणतीतरी शक्ति मेघास ढकलीत असली पाहिजे. याच १९६८ सालीं मेघाच्या पोटांत स्पंदन पावणारा तारा सांपडला. तो सेकंदांत सुमारें ३० वेळां फिरतो, आणि त्याची गति हळूहळू मंदावत असल्यामुळें जी शक्ति बाहेर पडते तीच मेघास उजळते व पुढें लोटते. बाडे व झ्विकी यांचा घन गोळा तो हाच. काइफंगच्या कारकुनानें लिहिलेला एक दिनांक नसता, तर वेग वाढल्याचें कळण्यास दुसरें साधन उरलें नसतें.

६. आपल्या देशांतील मौन

शके ९७६ मध्यें कल्याणी येथें चालुक्य आहवमल्ल सोमेश्वर राज्य करीत होता; उत्तर कोंकणांत शिलाहार होते. महाराष्ट्राच्या अक्षांशावरून हा तारा जवळजवळ डोक्यावरून जात असला पाहिजे. मग त्याची निर्विवाद नोंद कां सांपडत नाहीं? पुण्याचे जयंत नारळीकर व सरोजा भाटे यांनीं या दृष्टीनें संस्कृत वाङ्मयाचा धांडोळा घेतला. त्यांचा लेख २००१ मध्यें प्रसिद्ध झाला. निश्चित असा उल्लेख त्यांसही आढळला नाहीं.

पावसाळा हें कारण सहज सुचतें. तारा ऐन तेजांत होता तेव्हां दख्खनवर आषाढाचे ढग होते, हें खरें. परंतु पुढें दोन हिवाळे तारा रात्रीं दिसत होता आणि आपल्याकडील हिवाळ्याचें आकाश निरभ्र असतें. सबब हें कारण अपुरें आहे. दुसरें कारण अधिक वजनाचें वाटतें. आपल्या शिलालेखांत व ताम्रपटांत आकाशाचा उल्लेख येतो तो पर्वाच्या निमित्तानें. ग्रहण, संक्रांति, अमावास्या या वेळीं दान दिलें असतां पुण्य अधिक, म्हणून त्यांची नोंद होई. नवा तारा हें दानाचें पर्व नव्हे. तेव्हां ताम्रपटांचें मौन हा तारा न पाहिल्याचा पुरावा होऊं शकत नाहीं. सिद्धांतग्रंथांचेंही तसेंच. त्यांचा विषय ग्रहगणित. जें गणितांत बसत नाहीं त्यास तेथें जागा नाहीं. असे उत्पात संहिताग्रंथांत केतुचारासारख्या प्रकरणांत येतात. पण तेथें लक्षण व फल सांगितलेलें असतें, शक व तिथि नसते. चिनी दरबारांत पाहणें व कळविणें हें नोकराचें कर्तव्य होतें. आपल्याकडे तें कोणाचेंच कर्तव्य नव्हतें. उणीव दृष्टीची नसून दफ्तराची होती.

दृष्टि उणी नव्हती याचें प्रमाण पुढील काळांतून देतां येतें. १८६७ मध्यें मद्रासच्या वेधशाळेंतील चिंतामणि रघुनाथाचारी यांनीं जालक तारकापुंजांतील एका ताऱ्याचें तेज कमीजास्त होतें हें ओळखलें, आणि तो शोध त्यांच्या नांवानें नोंदला गेला. तेथें दररोज वेध लिहून ठेवण्याची व तो इतर वेधशाळांस कळविण्याची शिस्त होती, म्हणून हें होऊं शकलें.

७. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. नोंद करणाऱ्याचा हेतु शकुनाचा असो, खुशामतीचा असो वा नुसत्या कुतूहलाचा असो. त्यानें दिवस व स्थान लिहिलें असेल तर ती नोंद अमोल ठरते, आणि ती कशासाठीं अमोल ठरेल हें त्यास किंवा त्याच्या काळास कळणें शक्य नसतें. यांग वेइद यास वाटलें कीं, आपण बादशहाचें भाग्य कळवीत आहों. प्रत्यक्षांत तो एका ताऱ्याच्या मृत्यूची तिथि कळवीत होता.

आपल्या शोधाचें क्षेत्र अद्याप संपलेलें नाहीं. मठांतील पोथ्यांचे समास, जोशांच्या घरचीं जुनीं पंचांगें, देवस्थानांचे टिपणवजा कागद यांची या दृष्टीनें तपासणी क्वचितच झाली आहे. शोधकांच्या सोयीसाठीं वर्षें देतों : शके ९२८, ९७६, ११०३, १४९४ व १५२६. यांपैकीं शके १४९४ चा तारा शर्मिष्ठेंत, आणि शके १५२६ चा ज्येष्ठा-मूळ नक्षत्रांच्या बाजूस होता. या शेवटच्या वेळीं गुरु, शनि व मंगळ तेथेंच जवळ जवळ आले होते. तेव्हां फलज्योतिष पाहणाऱ्या प्रत्येक जोशाची नजर आकाशाच्या त्याच भागाकडे असली पाहिजे. अहमदनगर-विजापूरच्या राज्यांतील किंवा गोमंतकांतील एखाद्या कागदावर त्या वर्षाखालीं ‘नवें नक्षत्र दिसलें’ अशी अर्धी ओळ असेल, तर ती किरकोळ म्हणून टाकून देऊं नये. तिची तिथि व तींत सांगितलेलें स्थान जसेंच्या तसें उतरून घ्यावें, पाठ दुरुस्त करूं नये, आणि ती ओळ प्रसिद्ध करावी. तिचा अर्थ लावणारा पुढें केव्हांतरी भेटेल. पण ओळच उरली नाहीं, तर त्यास करण्यासारखें कांहीं राहणार नाहीं.